कुटुंबाच्या सहलीकरितां उभयचर गाडीची निवड

आपल्या सभासदांपैकीं कांहींचे मुलगे व जांवई हल्लीं कॅनडा देशाच्या ऑन्टारियो प्रांतांत स्थायिक झाले आहेत. त्यांपैकीं एका गृहस्थांनीं अशी पृच्छा केली आहे कीं, चिखलांतून चालणारी व पाण्यावर तरंगणारी गाडी घरच्या मंडळींच्या सहलीकरितां घेण्याचा तिकडे मुलाचा विचार आहे, तरी ती घेतांना काय पाहावें? प्रश्न आपल्या शेतीचा नव्हे; परंतु गाडी, बोजा आणि पाणी यांचा हिशेब कास्तकारास नवा नाहीं, म्हणून येथें सविस्तर लिहितों.

ही गाडी कोणत्या भूमीकरितां निर्माण झाली तें प्रथम ध्यानांत घ्यावें. ऑन्टारियोच्या उत्तर भागांत खडक, अरण्य, दलदल आणि सरोवरें यांची सरमिसळ आहे. बीव्हर नांवाचा प्राणी झाडें पाडून ओढ्यांस बांध घालतो, त्यामुळें गेल्या सालीं कोरडी असलेली वाट यंदा तळ्याखालीं गेलेली आढळते. अशा मुलुखाकरितां न्यू हॅम्बर्ग येथील ऑन्टारियो ड्राइव्ह अँड गिअर या कारखान्यानें १९६७ सालीं ‘आर्गो’ ही गाडी काढली. तिचे सहाचाकी व आठचाकी असे दोन प्रकार प्रसिद्ध आहेत.

गाडीची साटी म्हणजे जाड प्लास्टिकची एकसंध काहील होय. तीच नावेप्रमाणें तरंगते. चाकें रुंद व मऊ असून त्यांतील हवेचा दाब दर चौरस इंचास अवघा तीन ते पांच पौंड असतो. कमानी नसतातच, धक्के झेलण्याचें काम टायरच करतात. इंजिनाची शक्ति साखळ्यांच्या द्वारें प्रत्येक आंसास पोहोंचते, म्हणून सर्व चाकें एकदम ओढतात. पुढचीं चाकें मोटारीप्रमाणें वळत मात्र नाहींत. बैलगाडी जागच्या जागीं वळवितांना आपण आंतल्या बैलाचा कासरा ओढून त्यास थोपवितों आणि बाहेरच्यास हाकतों, तोच न्याय येथें आहे: एका बाजूचीं चाकें रोखावयाचीं, दुसऱ्या बाजूचीं चालूं द्यावयाचीं. याचा परिणाम असा कीं, मऊ हिरवळीवर वारंवार वळविल्यास ही गाडी नांगरट करून ठेवते. पाण्यांत टायरांवरील उभट दांते वल्ह्यांचें काम करतात व ताशीं सुमारें चार किलोमीटर गति मिळते. म्हणजे पायीं चालणाऱ्या मनुष्याहून कांहीं अधिक नव्हे.

आतां मुख्य मुद्दा. विकणारा सांगतो, ‘सहाचाकीत चौघे बसतात, आठचाकीत सहा.’ हें खरें आहे, परंतु जमिनीवर. पाण्यांत सहाचाकीस दोन व आठचाकीस चार माणसें हीच मर्यादा होय. सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र निराळें आणि पोटखराबा वजा जातां लागवडीचें क्षेत्र निराळें. एकूण क्षेत्र पाहून जमिनीचा सौदा करणारा पुढें कपाळास हात लावतो. या गाडीचे दोन आंकडे तसेच आहेत, आणि कुटुंबानें दुसरा आंकडा पाहूनच खरेदी करावी.

उदाहरण मांडून पाहूं. बाप ८५ किलो, आई ६५, आजोबा ७०, मुलगा ३५; एकूण २५५. शिदोरी, मासे धरण्याचें साहित्य, दोरखंड मिळून आणखी २५, बेरीज २८०. आर्गोच्या एका सहाचाकी नमुन्याचा बोजा जमिनीवर सुमारें ३१८ किलो आणि पाण्यांत सुमारें २२७ किलो दिलेला आहे. म्हणजे हें कुटुंब अरण्यांतून निर्धास्तपणें जाईल, आणि त्याच तयारीनें तळ्यांत उतरलें तर ५३ किलोंनीं अधिक भरेल. धोका असा कीं, कांठावर गाडीच्या चालींत यत्किंचितही फरक जाणवत नाहीं. तो जाणवतो तेव्हां पाणी साटीच्या कडेशीं आलेलें असतें. सहाचाकीच घेणें असेल तर खेपा कराव्या. चौघांच्या तीन खेपा होतात: पहिल्या खेपेस आजोबा, दुसऱ्या खेपेस मुलगा, तिसऱ्या खेपेस आई, म्हणजे मूल कोणत्याही कांठावर एकटें राहत नाहीं. वाघ, शेळी व गवताचें कोडें ज्यांनीं लहानपणीं सोडविलें आहे त्यांस हें अवघड वाटूं नये. तीन खेपांचा कंटाळा येणार असेल तर मुळांतच आठचाकी घ्यावी. चौघांना पाण्यांत घेऊन जाणारी तीच. तरीही वजनाची बेरीज करावीच.

स्थिर व अरुंद पाणी हेंच या गाडीचें क्षेत्र. वाहत्या नदींत किंवा वाऱ्यानें लाटा उठलेल्या मोठ्या सरोवरांत तिला घालूं नये; समोरून वारा आला तर इतक्या मंद गतीनें ती जागींच घुटमळते. कांहीं नमुन्यांस मागें लहान नावेची मोटर बसवितां येते, पण तिनें गति वाढते, बोजा पेलण्याची शक्ति नव्हे. प्रत्येकाच्या अंगावर तरंगण्याचें जाकीट पाहिजे, बैठकीखालीं ठेवलेलें नको. तेथील सरोवरांचें पाणी वसंतांत इतकें थंड असतें कीं, पट्टीचा पोहणाराही अल्पावकाशांत गारठतो. बारा वर्षांखालील मुलाच्या हातीं अशी गाडी देण्यास ऑन्टारियोच्या कायद्यानें मनाई आहे. स्वतःच्या जागेंत किंवा मोठ्या माणसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीं, एवढाच अपवाद.

गाडी घ्यावीच काय, हाही प्रश्न आहे. नव्या गाडीची किंमत लहान मोटारीएवढी पडते, आणि ती न्यावयास ओढगाडी निराळी लागते. घराजवळ एकच सरोवर असेल व वाट कोरडी असेल, तर साधी चारचाकी रानगाडी आणि एक लहान नाव मिळून काम स्वस्तांत आणि माझ्या मतें अधिक सुरक्षित होतें. वाटेंतच दलदल व तळीं पुन्हां पुन्हां आडवीं येत असतील, तेथें मात्र उभयचर गाडीस तोड नाहीं.

जुनी गाडी घेणाऱ्यानें रंगाकडे पाहूं नये. गाडी वर उचलवून साटीचा तळ हातानें चाचपावा. खडकावर घासून गेलेल्या चिरा डोळ्यांपेक्षां बोटांस लवकर लागतात. आंस जेथें साटींतून बाहेर येतात तेथील रबरी कडीं झिजलीं असल्यास पाणी तेथूनच झिरपतें. साखळ्या सैल किंवा गंजलेल्या असूं नयेत. दोन्ही बाजूंच्या टायरांत दाब सारखा असावा, नाहीं तर गाडी सतत एका अंगास ओढते. आणि तो दाब मोजण्यास कमी दाबाचें खास मापक लागतें, मोटारीचें चालत नाहीं. तळाचें बूच व पाणी उपसणारा पंप स्वतः तपासावा. शेवटीं कांठालगतच्या उथळ पाण्यांत, माणसांऐवजीं पाण्यांत चालेल तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या गोण्या ठेवून गाडी अर्धा तास उभी करावी, चहूं बाजूंनीं कड पाण्यावर किती उरली तें मोजावें, आणि बाहेर काढल्यावर बूच उघडून किती पाणी निघतें तें पाहूनच किंमतीची गोष्ट काढावी.