कारभाऱ्याविना रिंगण

गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. जातं, ओवी, टाळ, पावली, काला हे सगळं परभणी जिल्ह्यात गावोगाव ओळखीचं. हेच पाच जिन्नस एकत्र करून, कुणालाही दिग्दर्शक न नेमता, पाऊण तासाचा प्रयोग तुम्हालाही जमेल. या अंगणात!

लागेल ते: १२ माणसं, खुंट्यासकट जातं, किलोभर ज्वारी, टाळांच्या ४ जोड्या, रांगोळी, धुतलेली चादर. काल्यासाठी ज्वारीच्या लाह्या, दही, मीठ, हिरवी मिरची.

१. अंगण झाडून पाणी शिंपडा. बेतानं; चिखल झाला तर पावलीत पाय घसरतो.

२. मधोमध चादर अंथरून जातं मांडा. डुगडुगलं तर खाली पोत्याची घडी सरकवा.

३. भोवती सात-आठ हातांवर रांगोळीचं रिंगण काढा. पुढची-मागची रांग करू नका. रांग आली की खुर्च्या येतात, आणि खुर्च्या आल्या की प्रमुख पाहुणे येतात.

४. प्रत्येकानं दोन ओळींची आपली ओवी मनात जुळवा. विषय आजचाच: कापसाची वेचणी, चुकलेली एसटी, सोयाबीनचा भाव. कागद नको, डोळे त्यातच अडकतात.

५. कुणीही दोघं जात्यापाशी समोरासमोर बसा. नावं पुकारू नका. जागा रिकामी राहिली तर राहू द्या, कुणीतरी उठतंच.

६. मूठभर ज्वारी वैरा. ओंजळभर ओतलीत तर भरड निघेल, फारच कमी घातलीत तर दगडाला दगड घासून पिठात कच येईल.

७. दोघं मिळून एकच खुंटा फिरवा. एकानं ओढलं की दुसऱ्यानं हात सैल सोडायचा. दोघंही हट्टाला पेटलात तर जातं जागच्या जागी अडेल.

८. दळणाऱ्यांपैकी ज्याला सुचेल त्यानं ओवी म्हणा. गळ्याची काळजी नको, फेरा तेवढा सांभाळा.

९. रिंगणातल्या चौघांनी घरघरीवर टाळ धरा. टाळ जात्यापुढं धावू लागला की समजा, कुणीतरी मनातल्या मनात पुढारी झालंय! लगेच टाळ थांबवून एक फेरा नुसता ऐका.

१०. बाकीच्यांनी टाळावर पावली सुरू करा. पाय चुकला तर थांबू नका, पुढच्या ठेक्याला मिसळा.

११. ओवी सुचली की जाऊन खुंट्याला हात लावा. बसलेल्यांपैकी एकानं उठायचं. कोणी, ते त्या दोघांनी नजरेनं ठरवायचं. उठणाऱ्यानं रिंगणात तुमच्या जागी टाळ किंवा पावली धरायची. प्रयोग बिघडतो तो इथंच: मास्तर बसलेत, सासूबाई बसल्यात, म्हणून माणसं मागं राहतात. राहू नका. लावा हात!

१२. ज्वारी संपली की थांबा. घड्याळ बघून आटपू नका.

१३. वारकऱ्यांसारखं एकमेकांच्या पाया पडा. मोठ्यांनी लहानांच्याही. पोरं लाजून पळतील, तेवढी धरून ठेवा.

१४. काला कालवा. दही सगळ्यात शेवटी, नाहीतर लाह्या लगेच मऊ पडतात.

१५. शेजाऱ्याला घास भरवा. स्वतःच्या हातानं खायचं नाही, कितीही भूक लागली तरी.

१६. पिठाच्या १२ सारख्या वाटण्या करा. भरड निघालं असेल तर घरी कण्या शिजवा.

पुढचा प्रयोग दुसऱ्याच्या अंगणात घ्या, आणि जातं उचलायला चौघं तरी बोलवा. एकट्यानं उचललंत तर कंबर धरेल.