मान, सूप आणि तासन्‌तासांची बैठक

शुक्रवार पेठ, सोलापूर

चि. भाचीस,

बसण्याची पद्धत आणि जुनाट मानदुखी यांचे नाते सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांच्या बैठकीत दिसते. मांडीवर सूप, त्यात कातरलेली तेंदूची पाने आणि तंबाखू, नजर बोटांवर, मान खाली. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते; त्यामुळे मान वर करून घेतलेली उसंतही कमाईतून वजा होते. मांडीवर वही घेऊन अभ्यास करणाऱ्या मुलीची मानही याच कोनात असते.

डोक्याचे वजन साधारण 4.5 ते 5 किलो. डोके सरळ असले की भार मानेच्या सात मणक्यांवर तोलला जातो. पुढे झुकले की मागच्या स्नायूंना ते सतत ओढून धरावे लागते. 60 अंश वाकलेल्या मानेवर सुमारे 27 किलोंचा भार येतो, हा प्रसिद्ध आकडा 2014 सालच्या एका गणिती प्रारूपातला आहे, माणसांवर मोजलेला नाही. त्याची धास्ती घेऊ नये; भार वाढतो एवढे मात्र खरे.

वाकण्यापेक्षाही जास्त बाधते ते न हलणे. सतत आखडलेल्या स्नायूला रक्त कमी पोहोचते. तो थकतो आणि दुखू लागतो. अपुरी झोप आणि काळजी दुखणे आणखी वाढवतात. तीन महिन्यांहून अधिक टिकलेली मानदुखी जुनाट मानतात. म्हणूनच ‘ताठ बस’ हा सल्ला अपुरा आहे: ताठ पण निश्चल राहिलेली मानही दुखते.

सूप किंवा वही पाटावर ठेवून उंच करावी, पाठ भिंतीला टेकवावी, बुडाखाली गोधडीची घडी घ्यावी. अर्ध्या तासाच्या आत एकदा उठावे, खांदे फिरवावेत, मान दोन्ही बाजूंना वळवावी. मान आणि खांद्यांना बळ देणारे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने नेटाने करावेत. शेक तात्पुरता आराम देतो, ताकद व्यायामानेच येते. दिवसचे दिवस पडून राहणे किंवा पट्टा बांधून फिरणे यांनी स्नायू आणखी दुबळे होतात.

हाताला मुंग्या येऊन बधिरपणा टिकला, मूठ सैल पडू लागली, ब्लाउजची बटणे लावणे जड गेले किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर विलंब न करता सिव्हिल हॉस्पिटल गाठावे. मज्जारज्जूवर आलेला दाब मालिशीने उतरत नाही.

मावशी