रंगाकडे शेवटी बघ

गाडी बघायला निघालास म्हणे. 1930च्या आसपासची विलायती, लंडनच्या कोचबिल्डरनं खास बांधलेली बॉडी, आणि वर दलालाचं ठेवणीतलं वाक्य : “साहेब, फुल रिस्टोअर केलेली आहे.” घे बाबा, हौसेला मोल नसतं. पण घाई करू नकोस. आपल्या गावानं 2010 साली एका सौद्यात 150 मर्सिडीज घेतल्या. साधारण 65 कोटींचा व्यवहार, देशभर गाजला. तिथं कंपनी समोर होती, भाव छापलेला होता, घासाघीस सगळ्यांनी मिळून एकदाच केली. या गाडीला छापील भाव नाही, आणि तुलना करायला तिच्यासारखी दुसरी शेजारी उभी करता येत नाही. म्हणून जाण्याआधी माझं ऐकून जा.

पहिलं म्हणजे ही गाडी झाली कशी ते डोक्यात पक्कं ठेव. आपल्याकडे ट्रकची नुसती चेसी घेतात आणि बॉडी दुसरीकडे बांधून घेतात, तोच प्रकार. रोल्स-रॉइस कंपनी तेव्हा इंजिन, चाकं, रेडिएटर लावलेली चेसी द्यायची. गिऱ्हाईक ती कोचबिल्डरकडे पाठवायचं आणि आपल्या मर्जीप्रमाणे बॉडी बांधून घ्यायचं. बार्कर, हूपर, थ्रप अँड मॅबर्ली, पार्क वॉर्ड ही त्यातली बडी नावं. बार्करचं घराणं तर 1710 पासूनचं, घोड्यांच्या बग्ग्या बांधणारं. तेव्हा गाडी एक दिसली तरी कारखाने दोन असतात. दोघांचे नंबर वेगळे आणि दोघांचा पुरावाही वेगळा मागायचा.

चेसीचा नंबर आणि इंजिनाचा नंबर सगळेच बघतात. तू बॉडीचा नंबर शोध. उंबऱ्याजवळ कोचबिल्डरची चकचकीत पाटी असते, तिच्यावर भुलू नकोस. दोन स्क्रूंनी बसणारी पाटी दोन स्क्रूंनी निघतेही. सीट उचल, गालिचा बाजूला कर, फळ्यांवर आणि आतल्या लाकडावर ठोकलेला आकडा सापडतो का बघ. मग तो कागदाशी ताडून पाहा. रोल्स-रॉइसच्या चेसींची मूळ कार्डं इंग्लंडच्या रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबकडे आहेत. चेसी कुठल्या कोचबिल्डरकडे गेली आणि कोणासाठी गेली ते त्यावरून कळतं. ऑस्टिन, मॉरिस, एमजी असेल तर गेडनच्या ब्रिटिश मोटर संग्रहालयाकडून उत्पादनाचा दाखला मिळतो. फी भरावी लागते, थोडी वाट बघावी लागते. “तोवर गाडी जाईल” असं विकणारा म्हणाला तर जाऊ दे.

एवढी पायपीट का, तर बॉडी बदलण्याचा धंदा जुना आहे. रोल्स-रॉइसची 20/25 घे. 1929 ते 1936 या काळात कंपनीनं 3,827 चेसी काढल्या. त्यातल्या कितीतरींवर मूळची बॉडी मोठ्या, उभट, बंद लिमोझिनची होती. पुढे तसली अवजड गाडी कोणालाच नको झाली. मग विलायतेतल्याच लोकांनी ती बॉडी उतरवून वर उघडी, ऐटदार टूरर चढवली. दिसायला झकास, चेसी खरी, इंजिन खरं. बॉडी मात्र गाडीपेक्षा चाळीस-पन्नास वर्षांनी लहान. अशी गाडी वाईट नसते. तिला मूळ बॉडीच्या गाडीचा भाव देणं वाईट.

आपल्याकडे यात आता कायद्याचीही मेख आहे. केंद्राचे विंटेज गाड्यांचे नियम 2021 च्या जुलैत आले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी विंटेज धरतात. चेसीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल चालत नाही. मागच्या वर्षी एखाद्या शेडमध्ये पत्रा ठोकून बांधलेली बॉडी असेल तर ‘मूळ स्वरूप’ तू कुठून दाखवणार? नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षं. नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ येतं. गाडीची इथं आधीच नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो, आणि माझं ऐकशील तर तो सोडू नकोस. नवा नंबर काय, कोणालाही मिळतो. शिवाय ही गाडी रोज कचेरीला न्यायची नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. लग्नाच्या वरातीला भाड्यानं देऊन खर्च काढू असं मनात असेल तर ते आत्ताच काढून टाक.

आता गाडीपाशी चल. सगळ्यात जास्त वेळ लाकडाला दे, तिथंच लोक फसतात. या बॉड्यांचा सांगाडा अ‍ॅश नावाच्या विलायती लाकडाचा असतो आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा किंवा लोखंडी पत्रा मढवलेला. लाकूड लवचीक, चिवट, पण ओल लागली की खालून कुजतं. आपल्या हवेत त्याचे दुप्पट हाल : मे महिन्यात आटतं, जुलैत फुगतं, आणि चार-दोन उन्हाळ्यांत सांधे बोलायला लागतात. दार अर्धं उघड, टोकाला धरून हलकेच वर उचल. नुसतं बिजागरीत खट्ट वाजलं तर खिळा झिजलाय, ते काम किरकोळ. दाराबरोबर खांब हलला तर लाकूड गेलं. ते बदलायचं म्हणजे पत्रा उतरवावा लागतो, आणि पत्रा उतरला की रंग गेला, गादीकाम गेलं, म्हणजे सगळं पहिल्यापासून. दार लावताना मालक ते नकळत उचलून लावतो का, तेही बघ. हाताला सवय झालेली असते, तोंड काही म्हणो.

मालकाची परवानगी घेऊन गालिच्याखाली, उंबऱ्याच्या लाकडात बारीक टोचा घालून बघ. चांगल्या लाकडात तो अडतो, कुजक्यात सहज शिरतो. कोपऱ्यात पिवळसर पीठ पडलेलं दिसलं तर भुंगा लागलाय. काही ठिकाणी अ‍ॅशच्या जागी आपल्या सुतारांनी सागवान घातलेलं आढळेल. दलाल ते लपवतो, जाणकार नाक मुरडतो. मी म्हणेन, साग घातलेली गाडी टिकते. भाव कमी व्हायला पाहिजे, एवढंच. घ्यायचीच नाही असं काही नाही.

लोहचुंबक खिशात घालून जाशील. लांबी कुठं भरलीय ते शोधायला लोखंडी पत्र्यावर तो कामाचा आहे. पण अ‍ॅल्युमिनियमवर तो कुठंच चिकटत नाही, आणि तू मात्र गाडीभर लांबीच आहे म्हणून तोंड पाडून परत येशील. तिथं बोटाच्या पेरानं वाजवून बघ. पत्रा खणखणतो, लांबी बद्द वाजते.

चकाकीवरूनही एक खूण सांगतो. मोटारींवर क्रोमचा मुलामा साधारण 1930च्या सुमारास रूढ झाला, त्याआधी निकेल असायचं. निकेलला किंचित पिवळी, उबदार झाक असते. क्रोम निळसर आणि थंड दिसतं. 1925 ची म्हणून दाखवलेली गाडी क्रोमनं लखलखत असेल तर रिस्टोअर करणाऱ्यानं अभ्यास केलेला नाही. जे दिसतं त्यात अभ्यास नाही, तर जे दिसत नाही त्यात काय केलं असेल?

डोळा तयार करायचा असेल तर आधी हैदराबादला जाऊन ये. अजिंठा एक्स्प्रेस रात्रीची आहे. चौमहल्ला राजवाड्यात निजामाची पिवळी रोल्स-रॉइस ठेवली आहे, बार्करनं बांधलेली, आत सिंहासनासारखं आसन. मीर महबूब अली खान यांनी ती मागवली आणि 1911 च्या ऑगस्टमध्ये ते वारले. गाडी आली ती मुलाच्या, उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत. आपला मराठवाडाही तेव्हा त्याच राज्यात. ती फारशी चाललीच नाही आणि पुढे रिस्टोअरही झाली. तिच्यासमोर अर्धा तास उभा राहा. दाराची फट वरपासून खालपर्यंत कशी एकसारखी जाते ते बघ. मग दलालाची गाडी बघ.

इंजिनाचं थोडक्यात. पोचल्या पोचल्या बोनेटवर तळहात ठेव. गरम लागलं तर तुझ्यासाठी आधीच तापवून ठेवलंय. चहा घे, गप्पा मार, निवू दे, मग तुझ्यासमोर चालू करायला सांग. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा चिकट थर दिसला तर पाणी आत जातंय. चालू गाडीत ऑइलचा दाब इंजिन थंड असताना सगळ्याच दाखवतात. तासभर चालवून गरम झाल्यावर, गाडी उभी असताना काटा कुठं बसतो ते खरं. खालून ठोका येत असेल तर व्हाइट मेटलचे बेअरिंग संपलेत. ते ओतून, घासून बसवणारे हात आता मोजकेच उरलेत.

पण तासभर चालवायची कुठं? सपाटीवर, जालना रोडवर नको, तिथं सगळ्याच गाड्या राजेशाही वाटतात. विमा आणि कागद चालू असतील तर पहाटे दौलताबादवरून खुलताबादच्या चढाला ने. चढताना पाणी उकळतं का, उतरताना ब्रेक धरतात का, दोन्ही कळेल. कन्नडच्या घाटात मात्र जाऊ नकोस. तिथं रॉड-ब्रेकची गाडी घालणं मूर्खपणा आहे. घाटात पारखायची रीत आपल्या मुलखात जुनीच आहे. 1908 साली मुंबई ते कोल्हापूर मोटारींची स्पर्धा झाली, 620 मैल आणि वाटेत सहा घाट. त्यात जिंकलेली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची रोल्स-रॉइस ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली. तिचीही बॉडी बार्करचीच होती.

घरी आणल्यावर तुझ्या नेहमीच्या मेकॅनिकला तिला हात लावू देण्याआधी दोन गोष्टी सांग. एक, या गाड्यांच्या नटांना व्हिटवर्थ मापाचे पाने लागतात. आपल्या मिलिमीटरच्या पान्यानं नट गोल होतात, आणि गोल झालेला एकेक नट शोधायला महिना जातो. दुसरं, अनेक जुन्या विलायती गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक चेसीला जोडलेलं असतं. सवयीनं मायनस जोडलं की वायरिंगचा धूर निघतो. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेव्हा जुने रबरी पाइप बदलून घे. कार्बोरेटरमध्ये बुचाचा फ्लोट असेल तर त्यावरचा लाखेचा लेप इथेनॉलमध्ये विरघळतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी कर. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालणाऱ्याला मी तरी गाडीजवळ येऊ देणार नाही.

सुट्या भागांची मात्र धास्ती घेऊ नकोस. मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांपेक्षा या बाबतीत तू नशीबवान आहेस. चिकलठाणा आणि वाळूजमध्ये असे टर्नर आणि टूलमेकर आहेत की नमुना हातात दिला तर बुश, पिन, गिअर बनवून देतील. इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकलेली पोरं गावातच आहेत. फक्त त्यांना जुना भाग नमुन्याला लागतो. म्हणून विकणाऱ्याकडून काढून टाकलेलं सगळं भंगार मागून घे : जुने दिवे, तुटक्या कड्या, कुजकी लाकडंसुद्धा. आणि बॉडी उतरवलेल्या अवस्थेतले फोटो माग. ज्यानं मन लावून काम केलंय त्याच्याकडे ते ढीगभर असतात, आणि तू नको म्हणालास तरी तो दाखवतो. ज्याच्याकडे रंग दिल्यानंतरचेच फोटो आहेत, त्याच्या गाडीची किंमत मी निम्म्यावरून बोलायला सुरुवात करीन.

इतिहास सलग असला की काय होतं ते राजकोटच्या ‘स्टार ऑफ इंडिया’त बघ. 1934 ची रोल्स-रॉइस फँटम टू, थ्रप अँड मॅबर्लीची भगव्या रंगाची बॉडी. संस्थानातून बाहेर गेली, परदेशात राहिली आणि 2010 साली लिलावातून पुन्हा त्याच राजघराण्याकडे आली. बॉडी कोणाची, मालक कोण, यात कधी शंका नव्हती. म्हणून तिला तसा भाव.

कागदाचं शेवटचं. नोंदणी, विमा, आयात केलेली असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री, आणि आधीच्या मालकांची साखळी. निजामी अमदानीतला कागद उर्दूत असेल तर वाचून घे, अंदाजानं पुढे जाऊ नकोस. 1950 च्या आधीची मोटार परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही, तेव्हा ‘उद्या लंडनला विकू’ हा हिशेब किमतीत धरू नकोस. सौदा झाला की 90 दिवसांच्या आत घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं आपापल्या परिवहन खात्याला कळवायचं असतं. विकणारा ते विसरतो, त्याला पैसे मिळालेले असतात. त्याची सही त्याच दिवशी घे. आणि बयाणा देण्याआधी बॉडीचा नंबर आणि त्या लाकडाचे फोटो मला आणून दाखव, रविवारी मी घरीच असतो.