गोळी सोडली, गूळ धरला!

गेल्या वर्षी मार्गशीर्षातील गोष्ट. बाजाराचा दिवस असल्याने दवाखान्यात गर्दी होती. आमच्या गावातील एक सेवानिवृत्त गुरुजी पत्नीसह आले. वय ६४. आठ वर्षांपासून मधुमेह. पण औषध वेळच्या वेळी, फिरणे नियमित, त्यामुळे साखर आटोक्यात असे. या वेळी मात्र उपाशीपोटीची साखर १९६ निघाली. शिवाय चपलेने घासून अंगठ्याला झालेली जखम तीन आठवडे झाले तरी भरत नव्हती.

“गुरुजी, खाण्यापिण्यात काही बदल केलात का?” मी विचारले.

“बदल नाही डॉक्टर, सुधारणा केली! चहातल्या त्या गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. त्यांनी कॅन्सर होतो म्हणतात. आता सगळे नैसर्गिक. चार वेळा गुळाचा चहा आणि सकाळी कोमट पाण्यातून दोन चमचे मध.”

“आणि गूळही सेंद्रिय बरं का,” काकूंनी पुस्ती जोडली.

वाचकहो, याला आपल्याकडे आगीतून फुफाट्यात पडणे म्हणतात. गोळ्यांच्या भीतीने गुरुजींनी पुन्हा साखरच सुरू केली होती. फक्त तिचा रंग बदलला होता. यात माझीही चूक होती. आठ वर्षांपूर्वी मी त्यांना “साखर बंद” एवढेच सांगितले. गूळ आणि मध म्हणजेही साखरच, हे सांगायचे राहून गेले. त्यांना जे सांगायला हवे होते, ते आज सर्वांसाठी लिहीत आहे.

गोळ्यांची भीती कितपत खरी?

कृत्रिम गोडव्यांचा इतिहास जुना आहे. सॅकरीनचा शोध १८७९ साली अमेरिकेत लागला. ते साखरेच्या सुमारे तीनशे पट गोड असते. उंदरांना ते भरपूर प्रमाणात दिल्यावर मूत्राशयात गाठी झाल्या, म्हणून १९७७ साली तेथे त्यावर बंदी घालण्याचा प्रस्ताव आला आणि पुढे डब्यांवर धोक्याची सूचना छापली जाऊ लागली. नंतर असे दिसून आले की, ज्या कारणाने उंदरांना गाठी होतात ते माणसाच्या शरीरात घडत नाही. २००० साली ती सूचना काढून टाकण्यात आली. लोकांच्या मनातली भीती मात्र राहिली.

दुसरा पदार्थ अ‍ॅस्पार्टेम. हा साखरेच्या सुमारे दोनशे पट गोड असतो. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता’ या गटात घातले आणि वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. पण पुरावा मर्यादित आहे, हेही त्याच वेळी सांगण्यात आले होते. दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा तज्ज्ञ समितीने कायम ठेवली. सत्तर किलो वजनाच्या माणसाला ती ओलांडायची तर बिनसाखरेच्या शीतपेयाचे नऊ ते चौदा डबे रोज प्यावे लागतील. चहातल्या दोन-चार गोळ्या त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाहीत. फेनिलकीटोनयुरिया हा जन्मजात, दुर्मिळ आजार असलेल्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेम पूर्ण टाळावे.

म्हणजे गोळ्या बिनधोक, कितीही घ्या, असे समजायचे का? तसेही नाही. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला दिला की, वजन कमी करण्यासाठी अशा गोडव्यांवर अवलंबून राहू नये. त्यांच्या वापराने दीर्घकाळात वजन घटते असे दिसत नाही. वर्षानुवर्षे ते घेणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार थोडे अधिक आढळले. अर्थात, मुळात ज्यांचे वजन जास्त तेच लोक या गोळ्यांकडे वळतात. त्यामुळे दोष गोळीचा की आधीच्या वजनाचा, याचा निवाडा अजून झालेला नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी हा सल्ला नव्हता. गुरुजींसारख्या रुग्णाने दिवसातून दोन-तीन गोळ्या घेणे हे गुळाच्या खड्यांपेक्षा खात्रीने बरे.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

ऊस आपल्याच मळ्यात पिकतो. त्याचा रस काहिलीत आटवला की गूळ, कारखान्यात शुद्ध केला की साखर. गुळात थोडे लोह आणि इतर क्षार उरतात, हे खरे. पण त्यातला बहुतेक भाग साखरच असतो. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० उष्मांक, तर तेवढ्याच गुळात सुमारे ३८०. फरक तो एवढाच! गूळ सेंद्रिय असला म्हणून त्यातली साखर कमी होत नाही. मधही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या शर्करांचाच बनलेला असतो. गुरुजींच्या चहातला गूळ आणि सकाळचा मध मिळून रोज सुमारे ४० ग्रॅम साखर पोटात जात होती. जखम भरणार कशी?

मधाबाबत आणखी एक सांगतो. आपल्याकडे तान्ह्या बाळाला मध चाटवण्याची रीत आहे. एक वर्षाच्या आतील बाळाला मधाचे बोटही लावू नये. त्यातील जंतूंच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात.

ज्येष्ठमधही गोड आणि नैसर्गिक. पण ते रोज भरपूर खाल्ल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम उतरते. रक्तदाबाच्या रुग्णांनी ते साखरेऐवजी वापरू नये.

स्टिव्हिया, म्हणजे गोड तुळस, ही मूळची दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे भागातली वनस्पती. तिच्या पानांच्या शुद्ध अर्काने रक्तातील साखर वाढत नाही आणि ठरलेल्या प्रमाणात तो सुरक्षित मानला जातो. ज्याला गोडाशिवाय चालतच नाही, त्याच्यासाठी हा पर्याय आहे. पण वजनाबाबतचा वरचा सल्ला स्टिव्हियालाही लागू आहे.

मग करावे काय?

खरा उपाय म्हणजे जिभेची सवय बदलणे. दिवसाला चार कप चहा आणि कपात दोन चमचे साखर असा हिशेब केला, तर एका माणसाच्या पोटात नुसत्या चहातून महिन्याला सव्वा किलो साखर जाते! जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे, यापेक्षा कमी असणे चांगले. गूळ, मध आणि फळांचा रस यांतली साखरही याच हिशेबात धरायची.

साखर एकदम बंद करू नका. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करा. चहात आले, वेलची किंवा गवती चहा घाला. सुवासाने चहा सपक लागत नाही. गोड खावेसे वाटले तर पेरू, संत्रे, पपई अशी फळे चावून खा, रस काढू नका. फळातील चोथ्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. खजूर, मनुका गोड असल्या तरी मोजूनच खाव्यात. लहान मुलांना मात्र गोळ्यांच्या गोडव्याची सवय लावू नये.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. मधुमेहाच्या औषधांनी किंवा इन्सुलिनने कधी कधी साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी गोळी टाकलेला चहा काही कामाचा नाही! तेव्हा खरी साखरच हवी. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब पाजा आणि पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्या. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, तडक दवाखान्यात न्या. मधुमेही माणसाच्या खिशात साखरेची पुडी असलीच पाहिजे, ती अशा वेळेसाठी.

गुरुजींचा गूळ आणि मध त्याच दिवशी बंद केला, औषधाची मात्रा थोडी वाढवली, जखमेची मलमपट्टी रोज केली. सहा आठवड्यांत जखम भरली. उपाशीपोटीची साखर १२४ वर आली. आता ते आले घातलेला बिनसाखरेचा चहा पितात.

परवा भेटले तेव्हा म्हणाले, “डॉक्टर, पहिले पंधरा दिवस चहा नको वाटला. आता कुणाकडे साखरेचा चहा मिळाला तर तोच घशाखाली उतरत नाही.”

जिभेला लागलेली सवय जिभेलाच सोडायला लावता येते. त्याला पंधरा दिवसांचा धीर मात्र हवा.