फेविकॉल सगळ्यात शेवटी

पहिली गोष्ट म्हणजे फेविकॉलची बाटली टेबलावरून उचल आणि दुसऱ्या खोलीत ठेवून ये. हाताशी असली की मोह होतो. एखादं पान जरा बरं बसलं की लगेच चिकटवून टाकावंसं वाटतं आणि मग उरलेलं सगळं कार्ड त्या एका पानाच्या मर्जीने चालतं. सुकवलेलं फूल एकदा चिकटलं की अख्खं निघत नाही. पाकळी फाटते, नाहीतर कागदाचा पापुद्रा सुटतो. माझी मावशी डिंकाच्या बाबतीत जे सांगायची तेच मी तुला सांगते: मांडणी मनाला येईपर्यंत सगळं सुटं ठेवायचं. फुलं, पानं, अक्षरं, सगळंच.

आजीच्या पंचाहत्तरीसाठी तू मांडलेलं कार्ड मी नीट बघितलं. मधोमध बोगनवेलीचा गुच्छ, दोन्ही अंगांना नेच्याचं एकेक पान, वर कमानीत अक्षरं. चुकलेलं काहीच नाही, तरी तुला ते पटत नाहीये, आणि तुझं बरोबर आहे. दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या की नजर मध्यावर जाते आणि तिथेच थांबते. तिला फिरायला जागा उरत नाही. आता उजवीकडचं नेच्याचं पान उचल. बाकी कशाला हात लावू नकोस. कार्ड डावीकडे कललेलं वाटेल, वाटू दे. मग गुच्छ चिमट्याने अलगद धरून थोडा खाली आणि डावीकडे सरकव. राहिलेलं पान त्याच्या मागून निघून उजवीकडे वर झुकू दे. त्या पानाच्या वरच्या अंगाला जी मोकळी जागा तयार झाली ना, ती अक्षरांची. मघाशी तीच अक्षरं तुला कमानीत कोंबावी लागत होती.

बहुतेक वेळा असंच असतं. कार्ड जमत नाहीये असं वाटलं की हात डब्याकडे जातो: अजून एक कळी, थोडी टिकली, सोनेरी लेसचा तुकडा. त्याऐवजी आधी काढून बघत जा. एक वस्तू उचलायची, जरा थांबायचं, पुन्हा बघायचं. जी नसताना कार्ड सुनं वाटेल ती परत ठेवायची आणि जिची आठवणही होणार नाही ती डब्यात. लेस आणि टिकल्यांच्या मी विरोधात नाही, लग्नाच्या कार्डावर त्या शोभतात. पण खऱ्या फुलाच्या शेजारी चमकी आली की फूल मळकट दिसतं, हे मात्र पक्कं.

बघायच्याही काही रीती आहेत. डोळे बारीक करून बघ, म्हणजे बारकावे पुसले जातात आणि नुसते गडद-फिके ठिपके उरतात. सगळा गडदपणा एकाच कोपऱ्यात साचलाय का ते कळतं. कार्ड उलटं फिरवून बघ. उलट्या मांडणीत मन अर्थ शोधत नाही, फक्त वजन तोलतं. आणि प्रत्येक मांडणीचा मोबाइलवर फोटो काढत जा. त्यातला एक फोटो काळा-पांढरा करून बघ. तू क्रीम कागदावर फिकट जांभळ्या शाईने लिहायचं म्हणतेयस, ते त्या फोटोत जवळजवळ दिसेनासं होईल. आजीला तर त्याहून कमी दिसेल. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि त्यातून निळा-जांभळा मंद दिसतो. कार्ड कोणाच्या हातात जाणार आहे हे मांडणीतच धरायचं असतं, म्हणून तिच्यासाठी गडद तपकिरी किंवा काळी शाई, आणि अक्षर तुझ्या डोळ्यांना बरं वाटतं त्याहून थोडं मोठं.

आता अक्षरांबद्दल, कारण खरी गोम तिथेच आहे. नेटवर फुलांच्या कार्डांचे जे नमुने दिसतात त्यांतले बहुतेक रोमन अक्षरांसाठी केलेले असतात. ती अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात, म्हणून त्यांच्या पायाशी फुलांचा ताटवा छान दिसतो. आपलं अक्षर शिरोरेघेला लटकलेलं असतं. त्याची ठाम आडवी रेघ वर, आणि खालचा काठ उकारांनी वरखाली झालेला. तो नमुना जसाच्या तसा उचलला की फुलं आणि उकार एकमेकांत घुसतात. तेव्हा फुलं अक्षरांच्या बाजूला ने, नाहीतर त्यांच्याखाली चांगली बोटभर जागा सोड. देठ शिरोरेघेला काटकोनात छेदू देऊ नकोस, तिथे बेरजेची खूण उमटते आणि नजर नेमकी तीवर अडते. आणि नेच्याचा गुंडाळलेला शेंडा कुठे येतोय तेही बघ. तो ‘आजी’तल्या ‘आ’च्या डोक्यावर आला तर मात्रा दिसेल आणि वाचणारा ‘ओजी’ वाचेल. दोन रेघांएवढा शेंडा सरकवलास की काम होतं.

शब्द थेट कार्डावर लिहू नकोस. ट्रेसिंग पेपरवर लिही, कातर, आणि ती पट्टी फुलांमधून इकडेतिकडे सरकवून बघ. वर, खाली, किंचित तिरकी. जागा ठरली की पट्टीच्या मागून पेन्सिल घासून छाप उतरवायची. बोरूने लिहिणार असशील तर उत्तमच, जाड-बारीक वळणं फुलांच्या देठांशी जुळतात. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांसाठी काढलेली शीर्षकं मिळाली तर जरूर बघ. शब्दाचा आकारच चित्र कसा होतो ते त्यांत दिसतं. अशा शब्दाला शेजारी एखादं फूल पुरे होतं.

क्रम लक्षात ठेव. मांडणी ठरली की फोटो काढायचा, देठांच्या टोकांशी पेन्सिलीचे अगदी पुसट ठिपके द्यायचे, फुलं सगळी उचलून ताटलीत ठेवायची, आधी शाईने लिहायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि मगच फुलं परत आणायची. फुलं आधी चिकटवलीस तर लिहिताना हात टेकायला जागाच उरत नाही.

फुलांची निवड निम्मं काम सोपं करते. बोगनवेल नवशिक्यासाठी फार गुणी. आपण जिला पाकळी म्हणतो ते तिचं रंगीत पान असतं, खरं फूल म्हणजे आतली ती इवली पांढरी नळी. ही पानं मुळातच कागदासारखी, पाणी कमी, म्हणून रंग टिकतो. घाणेरीच्या गेंदातली फुलं सुटी करून सुकवली तर पिवळ्या-केशरी ठिपक्यांना तोड नाही. गवताचे तुरे, गुलमोहराची पाकळी, कॉसमॉस, हेही चालतं. शेवंती आणि झेंडू अख्खे दाबू नकोस, पाकळ्या वेगळ्या कर. मोगरा, चाफा, सोनटक्का तपकिरी पडतात, त्यांचा वास घ्यावा आणि तिथेच सोडावं. लाल गुलाब काळपट होतो. गोकर्ण सुरेख निळी राहते, पण ओल्या गोंदाने तिचा रंग कागदात उतरतो, तेव्हा तिला कमीत कमी ओल. फुलं तोडायची ती दव सुकल्यावर, उन्हं वर आल्यावर. आणि अंगणातली, रस्त्याकडेची. कासच्या पठारावर गेलीस तर तिथल्या एका काडीलाही हात लावायचा नाही.

टीपकागदात दाबून वर जाडजूड पुस्तकं, दोन ते तीन आठवडे. पहिले चार-पाच दिवस टीपकागद रोज बदल, कारण पाणी सगळं तेव्हाच सुटतं. पावसाळ्यात हे टाळलंस तर बुरशी ठरलेली. सुकलेली फुलं बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या त्या सिलिकाच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेव.

कागद २५० ते ३०० जीएसएमचा. गिरणीच्या कागदाला तंतूंची दिशा असते. दोन्हीकडून हलकेच वाकवून बघ, ज्या बाजूने निमूट वाकतो तिकडे घडी घाल. उलट्या दिशेने घातलीस तर घडीच्या काठावर कागद तडकतो आणि नव्याने केलेलं कार्डही जुनाट दिसतं. संपलेल्या रिफिलने पट्टीच्या आधाराने आधी रेघ दाबून घ्यायची, मग दुमडायचं. हातकागदात तंतू चहूकडे पसरलेले असतात, तिथे ही कटकट जवळपास नाही. पुण्यात शिवाजीनगरला हातकागदाची संस्था १९४० पासून आहे, एकदा जाऊन कागद हाताळून ये.

आणि क्रीम कागद हट्टाने धरू नकोस. सगळं करूनही मांडणी मरगळलेली वाटली तर फुलं तशीच उचलून गडद कागदावर ठेवून बघ. इंग्लंडमध्ये मेरी डेलनी नावाच्या बाई होत्या, १७०० साली जन्मलेल्या. वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी रंगीत कागद कातरून फुलं करायला घेतली आणि दृष्टी अधू होईपर्यंत, साधारण दहा वर्षांत, ९८५ चित्रं केली. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पाठीमागे काळाभोर कागद, त्यावर एकच झाड, आणि कुठे कुठे कातरलेल्या कागदात खरं सुकलेलं पानही चिकटवलेलं. त्या काळ्यामुळे फिकट देठसुद्धा उजळून निघतो. गवताचे तुरे तर काळ्यावरच मांडावेत असं माझं ठाम मत आहे. आजीलाही या बाईंची गोष्ट सांग, तिला आवडेल.

मनासारखं झालंय असं वाटलं तरी एक रात्र जाऊ दे. वर काचेची ताटली उपडी घाल, म्हणजे पंख्याने फुलं उडणार नाहीत. सकाळी खोलीत शिरताना पहिल्या नजरेत जे खटकेल तेवढंच दुरुस्त कर. जे शोधून काढावं लागतं ते राहू दे. काही खटकलं नाही, तर जा आणि बाटली आण.

फेविकॉल झाकणात घेऊन थेंबभर पाण्याने सैल कर. जास्त पाणी झालं तर कागद फुगतो. टूथपिकच्या टोकाने फक्त देठाला आणि फुलाच्या जाड बुडाला लावायचा, पाकळ्यांच्या कडा मोकळ्या. वर बटर पेपर, त्यावर वजन, रात्रभर.

हे कार्ड तू हातातच देणार आहेस, पण पुढे टपालाने पाठवशील तेव्हा उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात फूल ठेवू नकोस. पाकिटावर तिकीट तिथेच लागतं आणि ठप्पाही तिथेच बसतो. कार्डाच्या तोंडावर बटर पेपर, पाठीला पातळ पुठ्ठा, आणि पाकीट पेटीत न टाकता खिडकीवर हातात दे. नको झालेल्या मांडण्यांचे फोटो मात्र पुसू नकोस. ती जी दोन नेच्यांची मांडणी होती ना, ती आडव्या कार्डावर अक्षरं खाली घेऊन बघण्यासारखी आहे. दादाच्या बाळाच्या बारशाच्या कार्डाला तिथून सुरुवात कर.