मुदत सरण्यापूर्वी

वर्सोव्यात, यारी रोडपासून सात बंगल्यापर्यंतच्या गल्ल्यांतून, केवळ लेखणीवर उदरनिर्वाह करणारी माणसे मोठ्या संख्येने राहतात. त्यांतील पटकथाकारांना आपले गाऱ्हाणे नेण्यासाठी स्क्रीनरायटर्स असोसिएशनची तंटा-निवारण समिती आहे. माझ्यासारखीला, जी पुस्तकांचे अनुवाद करून घर चालवते तिला, आपले येणे बहुधा एकटीनेच वसूल करावे लागते. म्हणून हा अनुभव नवोदितांसाठी लिहून ठेवते.

ज्या प्रकाशनसंस्थेशी असलेला दीर्घकालीन संबंध मी संपवला, तेथील मंडळी अत्यंत सौजन्यशील होती. दूरध्वनी केला की प्रकृतीची विचारपूस होई, भाषेची स्तुती होई, आणि मानधनाचा विषय निघताच ‘ताई, पुढच्या आठवड्यात नक्की’ असे आश्वासन मिळे. हस्तलिखित स्वीकारताच जी रक्कम देय होती, ती मुद्रिते तपासून झाल्यावर, मग पुस्तक बाजारात आल्यावर, आणि सरतेशेवटी ग्रंथालयांकडील देयके वसूल झाल्यावर मिळेल, असे क्रमाक्रमाने सांगण्यात आले; करारनाम्यातील एक अक्षरही न खोडता त्यातील तारीख अशी पुढे पुढे सरकत राहिली. विक्रीचा हिशेब मागितला तर हिशेबनीस रजेवर असत.

या गोड बोलण्यातील धोका पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा येण्याचा दावा सामान्यतः ३ वर्षांच्या आत दाखल करावा लागतो, आणि तोंडी आश्वासनांनी ती मुदत एका दिवसानेही वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी लेखी कबुली दिली, तरच ती नव्याने सुरू होते. ज्या मर्यादशीलपणामुळे आपण लेखी तगादा करणे टाळतो, तोच आपला हक्क कुरतडत असतो.

म्हणून मी भांडणाचे पत्र न लिहिता बाकीचे पत्र लिहिले: पुस्तकागणिक स्वीकृतीचा दिनांक, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम, शिल्लक, आणि खाली ‘वरील बाकी मान्य’ एवढीच ओळ व सहीसाठी जागा. रागाचा एक शब्दही त्यात नव्हता, आणि कदाचित म्हणूनच ते सही होऊन परत आले. त्यापूर्वी आयकर खात्याकडील माझ्या नावचे करकपातीचे विवरण मी पाहून घेतले होते. न मिळालेल्या एका रकमेवरही कर कापल्याची नोंद तेथे होती, म्हणजे संस्थेच्या वह्यांत माझे येणे खर्ची पडलेले होते. हे विवरण प्रत्येक लेखकाने वर्षातून एकदा तरी वाचावे, असे मी आग्रहाने सांगेन. सही हाती आल्यावर दुसऱ्या, स्वतंत्र पत्राने, नवे काम स्वीकारणार नसल्याचे कळवले व हप्त्यांच्या तारखा मागितल्या.

ठोक मानधनावर काम करणाऱ्यांनी काम हाती घेण्यापूर्वीच ‘उद्यम’ नोंदणी करावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यान्वये नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, अधिकाधिक ४५ दिवसांत द्यावे लागतात. विलंबास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते.

अशी वागणूक केवळ अप्रसिद्धांच्याच वाट्याला येते, असे कोणी समजू नये. विनोदकुमार शुक्ल यांच्यासारख्या, पुढे ज्ञानपीठाने सन्मानित झालेल्या हिंदी साहित्यिकालाही २०२२ साली आपल्या स्वामित्वधनाविषयीची व्यथा जाहीरपणे मांडावी लागली. प्रकाशकांनी आपापली बाजू सांगितली. परंतु उतारवयात एवढ्या मोठ्या लेखकावर ती वेळ यावी, याचे मला आजही दुःख होते.

माझा एक अनुवाद त्या संस्थेत छापला न जाता पडून होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १९व्या कलमात अशी तरतूद आहे, की करारात वेगळे लिहिले नसेल आणि हक्क घेणाऱ्याने ते वर्षभरात वापरले नाहीत, तर हस्तांतरण संपुष्टात आले असे मानले जाते. शिवाय हस्तांतरणाचा कालावधीच लिहिलेला नसेल, तर तो ५ वर्षांचा धरतात. माझ्या करारनाम्यात वेगळी अट नव्हती, आणि मूळ ग्रंथकाराच्या निधनास ६० वर्षे केव्हाच उलटून गेल्याने मूळ कृतीही हक्कमुक्त होती. या कलमाचा हवाला देऊन मी हस्तलिखित परत मागितले. तो अनुवाद आता दुसऱ्या प्रकाशकाकडे आहे, आणि निम्मे मानधन तेथे करारावर सही होतानाच मिळाले.