ठिकाण शोधायचा खेळ

लहानपणी आपण सगळेच लपंडाव खेळलो. आता जगात मोठी माणसेही तसलाच एक खेळ खेळतात. त्यात माणूस लपत नाही, डबी लपवतात. ती शोधायला पाय लागतात, डोळे लागतात, आणि वाचताही यावे लागते. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात.

हा खेळ निघाला कसा?

जमिनीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर अमेरिकेने सोडलेले उपग्रह फिरतात. त्यांचे इशारे पकडून हातातले यंत्र आपली जागा सांगते. पूर्वी तेथील सरकार या इशाऱ्यांत मुद्दाम थोडी चूक ठेवीत असे. मे २००० च्या आरंभी ती काढून टाकली. लगेच ३ मे २००० ला डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ऑरेगन राज्यात, रानात एक बादली ठेवली. बादलीत वही, पेन्सिल आणि काही वस्तू होत्या. त्या जागेचे आकडे त्याने लोकांना कळवले. शोधणाऱ्याने वहीत आपले नाव लिहायचे. एक वस्तू घेतली तर दुसरी ठेवायची. बादली होती तशीच ठेवून परत फिरायचे. एवढाच नियम.

जागेचे आकडे म्हणजे काय?

पृथ्वीवरच्या प्रत्येक जागेला दोन आकडे असतात. पहिला अक्षांश. जागा विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे, ते त्यावरून कळते. दुसरा रेखांश. तो पूर्व-पश्चिम सांगतो. आपल्या पाथर्डीचे आकडे आहेत उत्तर १९.१७ आणि पूर्व ७५.१८. टिंबाच्या पुढे दोन अंक असले, तर जागा सुमारे एक किलोमीटरच्या आत कळते. म्हणजे गाव सापडेल, घर सापडणार नाही. टिंबापुढे चार अंक असले, तर दहा-अकरा मीटरच्या आत पोचता येते. तेथून पुढचे काम डोळ्यांचे.

डबी नसलेला खेळ

पाथर्डीला आगगाडी नाही. गाडी धरायला बहुतेक जण अहिल्यानगर गाठतात. पण मुंबईला गेलेले आपल्यात पुष्कळ आहेत. तेथले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस तुम्ही पाहिले असेल. येथून लोकल गाड्या सुटतात. ही इमारत १८७८ ते १८८७ या काळात बांधली. तिच्या दगडांवरची पाने, फुले, पशू, पक्षी कोरण्यात मुंबईच्या जे. जे. कला शाळेतल्या विद्यार्थ्यांचा हात होता. फाटकाच्या एका खांबावर सिंह बसला आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह ही इंग्लंडची खूण, वाघ ही हिंदुस्थानची. वर घुमटावर एका स्त्रीचा पुतळा आहे. तिच्याजवळ मशाल आणि चाक आहे. ती प्रगतीची मूर्ती.

अशा जागी डबी लपवणे बरे नव्हे. स्टेशनात बेवारस वस्तू दिसली की लोक घाबरतात, पोलीस धावून येतात. रुळांजवळ शोधत फिरणे तर जिवावर बेतते. म्हणून या खेळाचा एक प्रकार डबीवाचून खेळतात. आकडे घेऊन जागी पोचायचे. तेथला पुतळा पाहायचा, पाटीवरचे साल वाचायचे आणि उत्तर कळवायचे. काही उचलायचे नाही, कशाला ओरखडा पाडायचा नाही. पाहून झाले की खजिना मिळाला. दुसऱ्यासाठी तो तसाच उरतो.

चित्राचाही पत्ता होतो

१९६९ साली मेक्सिको शहरात जमिनीखालून धावणारी रेल्वे सुरू झाली. तेव्हा तेथे वाचता न येणारे लोक पुष्कळ होते. लान्स वायमन याने प्रत्येक स्टेशनाला एकेक चित्र दिले. चापुल्तेपेक या नावात तेथल्या जुन्या भाषेत नाकतोड्याची टेकडी आहे. म्हणून त्या स्टेशनाचे चित्र नाकतोडा. अक्षर न ओळखणारा माणूसही नाकतोडा पाहून उतरू लागला. आपणही काल-परवापर्यंत असेच करीत होतो. वडाचे झाड आले की वळायचे, पांढरे देऊळ दिसले की थांबायचे. ती खूण वाईट नव्हती. आता तिच्या जोडीला अक्षर आले आणि आकडाही आला.

हे आपल्या काय कामाचे?

आपल्या तालुक्यातली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर जातात. फडाजवळ कोप्या पडतात. कोपीला घर नंबर नाही, गल्लीचे नाव नाही. रात्री कोणाला साप चावला, कोणा बाईला कळा सुरू झाल्या, तर १०८ ला फोन करून गाडी बोलवायची. पण गाडी यायची कोठे? चहूकडे ऊस. अशा वेळी फोनमधल्या नकाशात आपल्या जागेचे दोन आकडे दिसतात. गावाचे नाव, जवळची खूण आणि ते आकडे नीट वाचून सांगता आले, तर गाडीचा शोध लवकर लागेल. खेळात डबी सापडते. येथे माणूस सापडायचा आहे. म्हणून आकडे ओळखायची सवय सुखाच्या दिवसांतच करून ठेवावी. कोपीवर पोचल्या दिवशीच ते आकडे कागदावर लिहून घ्यावेत आणि पोरांनाही दाखवावेत.

करून पाहा

१. आपल्या वर्गाच्या दोन टोळ्या करा. एका टोळीने गावातली एक जागा मनात धरावी. वेस, बारव किंवा वीरगळ चालेल. तिच्या तीन खुणा कागदावर लिहाव्यात. दुसऱ्या टोळीने चिठ्ठी वाचून जागा शोधावी.

२. त्या जागी काही कोरलेले असेल तर ते वाचा. साल असेल तर वहीत उतरवा. दगडाला खडू, शेंदूर, खिळा लावू नका.

३. ज्याच्याजवळ फोन आहे त्याने आपल्या घराचे दोन आकडे काढावेत. घरातल्या प्रत्येकाने ते एकदा मोठ्याने वाचावेत, एकदा लिहावेत आणि खाली आपली सही करावी.